वाफेच्या टेबलावरची भिंगरी

भांडण तिच्यावरूनच चाललं होतं, आणि तिने ते चादरींच्या आडून ऐकलं. लाँड्रीच्या मागच्या अंगणात ती वाळलेल्या चादरी काढत होती. पलीकडच्या बाजूला मालक आणि थोरली यांची जुंपली होती. थोरली म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी बाई. मालकाला तिने कडेवर खेळवलेलं, त्यामुळे त्याला अरे-तुरे करणारी तेवढीच एक.

"मावशी, तिला टेबलावरून काढा. काल पुन्हा एक कॉलर जळली."

"तिच्यासारखी बाहीवर इस्त्री कुणी फिरवून दाखवेल? तू दाखव."

"हात सोन्याचा आहे हो, पण डोळ्यांचं काय? वाफ उठली की चष्मा धुरकटतो आणि बाई आंधळी कोशिंबीर खेळते!"

"पुसते की ती."

"पुसेपर्यंत कॉलर जाते!"

"एवढा महिना जाऊ दे. नाही जमलं तर हौदावर पाठवू."

मालक पाय आपटत निघून गेला. चादरीआड हिने तोंडात धरलेले चिमटे इतके करकचून चावले की दात दुखले.

तिचं पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगं आणि पायांना स्वस्थता नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. हौद तिला नवा नव्हता. लग्न होऊन आल्यावर ती तिथेच लागली होती. सोड्याच्या पाण्याने बोटांना भेगा पडायच्या, कणीक मळताना डोळ्यांतून पाणी यायचं. तिथून ती वाफेच्या टेबलापर्यंत पोचली ती स्वतःच्या मनगटावर. बाकीच्यांना टेबल म्हणजे उष्मा. भिंगरीला ती गादी होती, आणि गादी कोण सुखासुखी सोडतो?

चष्मा काढून बघितला, तर कॉलर आणि कफ सारखेच दिसू लागले. काचांना साबण चोळून बघितला, तो दुपारपर्यंत टिकला. कपाळावर चष्मा चढवून नुसत्या हाताच्या अंदाजाने इस्त्री केली, त्या दिवशी स्वतःचाच अंगठा भाजून घेतला. मग थोरलीच तिला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बसणाऱ्या लेन्स सुचवल्या. पण भिंगरी पहाटे घर सोडायची, दिवसभर हाताला खळ आणि साबण. रोज घालायच्या-काढायच्या कशा? म्हणून शेवटी झोपेतही डोळ्यात ठेवता येतील अशा ठरल्या.

"पण ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात धोका जास्त असतो. महिना झाला की फेकायच्या, माझ्याकडे दाखवायला यायचं. डोळा लाल झाला किंवा दुखला तर लगेच काढायच्या. आणि पाणी लावायचं नाही. मी देते तेच औषध."

"पाणी नाही?" भिंगरीला वाटलं, बाईंच्या बोलण्यात चूक झाली.

"थेंबसुद्धा नाही."

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "काच घालून झोपणार? म्हणजे रात्री आमच्यावर पहारा का?"

"काच नाही हो आत्या, मऊ असतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं."

"कांदा डोळ्यात घालतं का कुणी!"

पहिल्या सकाळी जाग आली आणि भिंगरी तशीच पडून राहिली. उशीखाली चाचपडावं लागलं नाही. छताच्या कोपऱ्यातलं जळमट दिसलं, खिडकीचा गज दिसला, शेजारी घोरणारा नवरा दिसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण झोपलेला नवरा तिने असा स्वच्छ कधी पाहिलाच नव्हता. तिने त्याला हलवलं.

"अहो, तुमच्या कानात केस कधी आले?"

"हे विचारायला उठवलंस?" म्हणून तो कुशीवर वळला. ती मात्र जळमट काढूनच कामावर गेली.

टेबलावर तर बहार झाली. वाफेचा लोट अंगावर आला तरी समोरची शिवण न् शिवण दिसत होती. सवयीने बोट नाकावरचा चष्मा सावरायला जायचं आणि नुसतं नाक ढकलून परत यायचं. बायका हसायच्या, तीही हसायची. महिना सरला तेव्हा मालक गुपचूप एक शर्ट उजेडात धरून उलटापालटा करत होता. थोरली म्हणाली, "डाग सापडला तर सांग हं, आम्हीही बघू." त्याने शर्ट ठेवून दिला. टेबल राहिलं.

पण जन्म धुण्यात गेलेली बाई ती. तिचं शास्त्र एकच: मळलं तर धुवावं, फाटलं तर टाकावं. महिना भरल्यावर तिने लेन्स बोटावर घेऊन उजेडात धरली. डाग नाही, विरलेली नाही, धागा सुटलेला नाही. अशी वस्तू कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. म्हणून लाँड्रीतल्या त्या गार, नितळ पाण्यात तिने दोन्ही लेन्स खळाखळा विसळल्या. त्या पाण्याने हॉटेलच्या चादरी बगळ्यासारख्या निघत, मग एवढंसं भिंग नाही निघणार? पुन्हा डोळ्यांत घालून ती झोपली. डॉक्टरीणबाईंकडे जायचंही तिने पुढे ढकललं.

पुढच्या आठवड्यात उजवा डोळा टोमॅटो झाला. उजेड सुईसारखा टोचू लागला. त्याच अवस्थेत ती टेबलाशी उभी राहिली, कारण टेबल सोडायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. थोरलीने तिची हनुवटी वर केली, डोळा बघितला आणि हातातली इस्त्री काढून घेतली.

"टेबल गेलं तर परत मिळवता येतं गं. डोळा हौदात सापडायचा नाही. चल."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाण्यात काय असतं ते कापडाला चालतं, डोळ्याला चालत नाही. तुम्ही लेन्स धुतली नाहीत, घाण करून घातलीत."

धुतलं म्हणजे घाण केलं! आयुष्यात तिला इतकं लागेल असं कुणी बोललं नव्हतं. पण डोळ्याचा ठणका खोटं थोडंच सांगतो? औषधाचे थेंब, जुना चष्मा आणि टेबलाला सुट्टी, असं सगळं निमूट पत्करलं.

मालकाने तिला घड्या घालायला बसवलं. टेबलावर दुसरी आली, धट्टीकट्टी, उत्तम नजरेची. भिंगरी मान खाली घालून उशांचे अभ्रे घडी करायची आणि कान तिकडे लावायची. एके दिवशी मालक स्वतःच तिच्याजवळ आला.

"डोळा कसा आहे?"

"बरा आहे. बाई म्हणतात, आता लेन्स घालायला हरकत नाही. फक्त रात्री काढून ठेवायच्या."

"लवकर या मग टेबलावर. त्या बाईला दिसतं सगळं, पण कॉलरचा नुसता पापड करून ठेवते."

मागून थोरली खोकली. तो खोकला काही सर्दीचा नव्हता.

त्यानंतर भिंगरी रात्री हात धुऊन-पुसून लेन्स काढू लागली, पहाटे थोडं आधी उठून घालू लागली, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली महिन्याची तारीख तिने कधी चुकवली नाही. सासूबाई गेल्या, थोरली गेली, मालकाच्या मुलाने गल्ला सांभाळला. भिंगरीचे केस चादरीसारखे पांढरे झाले, टेबल मात्र तिचंच राहिलं. नव्या मुलींना ती कॉलर शिकवायची आणि वर दम द्यायची, "कापडाचं शास्त्र कापडाला लावा, अंगाला नाही."

ती गेली हिवाळ्याच्या तोंडाशी, झोपेत, कुणाला हाक न मारता. त्याआधी त्याच आठवड्यात तिची लेन्स बदलायची तारीख आली होती. काम आटोपून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, बाकावर नंबर लावला, शेजारच्या रडव्या पोराला गप्प केलं. आत जाऊन यंत्रावर हनुवटी टेकवली. "छान आहेत डोळे," बाई म्हणाल्या. "असणारच," ती म्हणाली. जुनी जोडी डबीतून काढून तिने उजेडात धरली, डाग आहे का बघितलं, नव्हता. टाकून दिली. नवी जोडी पिशवीत घातली, वाटेत कोथिंबीर घेतली, भाजीवालीशी थोडी हुज्जत घातली आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचली.