ढेकळांत ब्लॅक बेल्ट

मी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. दिवसभर परीक्षानळ्या आणि पोरं सांभाळतो आणि संध्याकाळी एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास घेतो. लग्नाची तिथी असली की क्लासला सुट्टी. बाराव्या वर्षी शिकायला लागलो, आता बेचाळिसावं चालू आहे. या तीस वर्षांत मी क्लासबाहेर कुणाला एक गुद्दाही मारलेला नाही. वेळच आली नाही. सकाळी दूध, मग कॉलेज, मग क्लास, मग घर. असल्या माणसाच्या वाटेला कोण जाणार?

पण हे नातेवाइकांना पटत नाही. त्यांच्या लेखी मी घरात ठेवलेली बंदूक आहे आणि ती कधी वाजत नाही म्हणून ते माझ्यावर नाराज असतात. मुरुडच्या मामांनी मी दहावीत असताना सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांसमोर मला छपराची कवेलू फोडायला लावली होती. पाच फोडली. सहावं फुटलं नाही, तेव्हा मामांनी पाहुण्यांना समजावलं, "त्ये जरा जास्त भाजलेलं हाय." तेव्हापासून कुठल्याही लग्नात कुणी ना कुणी माझा दंड चाचपून बघतो आणि "एवढाच?" अशा नजरेनं माझ्या तोंडाकडं बघतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. तिला बिलोलीकडच्या एका खेड्यात दिलंय.

"आईतवारी ये," ती म्हणाली. "धुऱ्याचं भांडण झालंय."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दाजींचं आणि त्यांच्या चुलत भावाचं शेत शेजारी शेजारी. त्या भावानं ट्रॅक्टरनं नांगरट करताना धुऱ्यातली नांगराची दोन तासं आपल्याकडं ओढली, असं दाजींचं म्हणणं. दाजींनीच मागच्या वर्षी धुरा कोरला होता, असं त्या भावाचं म्हणणं. मोजणीचा अर्ज दिलेला होता, तारीख यायची होती.

"मग तारीख येऊ दे की," मी म्हणालो. "मी येऊन काय मोजू?"

"तू काई करू नको. नुस्तं उभा ऱ्हा. अन् येताना ते काळं घालून ये."

"काय काळं?"

"पट्टा."

मी तिला समजावलं की तो पट्टा पँटीवर घालायचा नसतो. तिला ते खरं वाटलं नाही. बायको शेजारीच भाजी निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही जाणार?" मी म्हणालो, बहीण आहे, जावं लागेल. ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तिच्या विचारण्याचा अर्थ मला कळला होता, तरी मी गेलो. या सगळ्या प्रकरणात माझ्या स्वतःवर माझा जो राग आहे, तो इथून सुरू होतो.

लातूरहून नांदेड, नांदेडहून नरसी. उन्हानं एसटीचा पत्रा तापलेला. नरसीला दाजी मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी मला आधी चहाच्या टपरीवर नेलं आणि तिथल्या चार माणसांना सांगितलं, "ह्येच ते." चौघांनी माझ्याकडं बघितलं. एकानं विचारलं, "विटा फोडता का?" मी नाही म्हणालो. दाजी घाईघाईनं म्हणाले, "मोठे लोक सांगत न्हाईत."

गाडीवर बसल्यावर कळलं की दाजी आठ दिवसांपासून गावभर हेच सांगत फिरत होते. आमचा मेव्हणा येऊन राहिला लातूरहून, ब्लॅक बेल्ट आहे, एका फटक्यात माणूस आडवा करतो. मी विचारलं, "दाजी, हे कशाला सांगितलं?"

"वचक पाहिजे की, पाव्हणं."

वचक बसला नाही. झालं ते असं, की हे ऐकून त्या चुलत भावानंही आपल्या बायकोचा भाऊ देगलूरहून बोलावून घेतला. तो कुस्ती खेळलेला. एरवी हे दोघं भाऊ धुऱ्यावर उभे राहून एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करून घरी गेले असते, जसे ते दरवर्षी जात होते. माझ्या तीस वर्षांच्या साधनेचा पहिला परिणाम हा, की भांडणाला माणसं वाढली.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही शेतात गेलो. नांगरून टाकलेलं काळं रान. डोक्याएवढी ढेकळं आणि मध्ये भेगा. मी हॉलच्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी शिकलेला माणूस. दहा पावलं चाललो तर दोनदा पाय मुरगळता मुरगळता वाचला. कुठल्याही पवित्र्यात आधी पाय घट्ट रोवायचे, असं मी रोज पोरांना ओरडून सांगतो. इथं एक पाय वर आणि एक खड्ड्यात, अशी गत.

समोरून ती मंडळी आली. चुलत भाऊ, त्याच्या हातात बाभळीची काठी. त्याची आई, सत्तरी ओलांडलेली. आणि तो देगलूरचा पहिलवान, कान मोडलेला, मान बैलासारखी. दाजी आणि त्यांचा भाऊ लगेच सुरू झाले. मी आणि पहिलवान बाजूला उभे. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला बी बोलावलं का?"

"हाव."

"मला म्हणले, नुस्तं उभं ऱ्हा."

"मलाबी."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "माझं आज खताचं पोतं आणायचं होतं," तो म्हणाला. मला त्याक्षणी तिथल्या सगळ्या माणसांत तोच एक जवळचा वाटला.

तेवढ्यात दाजींनी भावाच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. वचक बसवायचं काम माझ्याकडं होतं आणि ढकलायचं काम त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. मी मध्ये गेलो, दोन्ही हात वर करून म्हणालो, "थांबा, मोजणी येऊ द्या." हे वाक्य पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत म्हातारीनं माझी कॉलर धरली. दोन्ही हातांनी, पक्की.

"मार मला," ती म्हणाली. "लातूरहून मारायला आलास न्हवं? मार."

"मावशी, सोडा. मी मारायला आलो नाही."

"मग कामून आलास?"

कॉलर सोडवायचे मला आठ-नऊ प्रकार येतात. एकात अंगठा पिरगाळायचा, एकात कोपरावर फटका मारायचा, एकात मनगट उलटं करून समोरच्याला गुडघ्यावर आणायचं. दर महिन्याला मी ते पोरांकडून घोटून घेतो. त्यातला एकही प्रकार असा नाही की ज्यात समोरच्याची दोन हाडं सुखरूप राहतील. आणि समोर कोण, तर जिनं आक्काच्या लग्नात मला शेजारी बसवून जबरदस्तीनं चौथी पुरणपोळी वाढली होती ती बाई. तीस वर्षांत कुणी मला हे शिकवलं नाही की म्हातारीनं कॉलर धरली तर काय करायचं. मी तसाच उभा राहिलो. ती मला हलवत राहिली.

मग डोळ्याच्या कडेला मला ती काठी वर जाताना दिसली. ती माझ्यासाठी नव्हती, दाजींच्या डोक्यासाठी होती. आणि इथं मात्र हात आपोआप वर गेला. तो ब्लॉक मी किती हजार वेळा केला असेल, देव जाणे. अगदी बरोबर झाला. काठी दाजींच्या डोक्यावर न बसता माझ्या डाव्या मनगटावर बसली. पुस्तकात पुढं लिहिलेलं असतं की लगेच उलटा वार करावा. माझ्या कॉलरला मावशी लटकलेली, एक पाय ढेकळावर. ढेकूळ फुटलं आणि आम्ही दोघं कलंडलो. मला एवढंच कळलं की ती खाली यायला नको. पडता पडता अंग फिरवलं आणि पाठीवर पडलो, ती माझ्या पोटावर. पाठीखाली ढेकूळ होतं, ते अजून आठवतं.

"मेले गं माय," मावशी म्हणाली. तिला काहीही लागलं नव्हतं.

माझा हात बघता बघता सुजला. दाजी अजून ओरडतच होते, आता त्यांना नवा मुद्दा मिळाला होता. पहिलवानानं माझ्याजवळ बसून मनगटाला हळूच बोट लावलं. "मोडलंय," तो म्हणाला. "माझंबी असंच मोडलं होतं, आखाड्यात." आणि ज्यांनी मला बोलावलं त्यांच्यापैकी कुणी नाही, तर ज्याला माझ्याविरुद्ध बोलावलं होतं त्यानं मला गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत थांबला. त्याचं खत राहिलंच.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं. चुलत भावाची तक्रार अशी, की लातूरच्या कराटे मास्तरनं वृद्ध बाईला डाव टाकून शेतात आपटलं. मी गळ्यात हात अडकवून जमादारांसमोर उभा राहिलो.

"ब्लॅक बेल्ट का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"म्हणजे तुमचे हात हत्यारातच मोडतात. नोंदणी केलीय का?"

असली कुठलीही नोंदणी नसते. तीस वर्षं मी लोकांना हे सांगतोय. मी जमादारांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या ऐकण्यात आहे." मग माझ्या प्लास्टरकडं बघून म्हणाले, "अन् ह्या हत्याराला काय झालं?" बाकड्यावरचे लोक हसले. दाजीही हसले. ते मी बघितलं.

शेवटी मावशीनंच ते मिटवलं. मुलानं तिला जे सांगायला शिकवलं होतं, ते तिला नीट सांगता येईना. तीन वेळा चुकली आणि मग वैतागून म्हणाली, "आरं, त्यानं कुठं आपटलं मला? मीच लटकले व्हते. पोरगं माझ्याखाली पडलं." जमादारांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही बाजूंना अर्धा तास झापलं. त्यातला बराचसा भाग माझ्या वाट्याला आला, कारण मी शिकलेला होतो.

लातूरला परत आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. क्लासमधल्या एका पोराचे वडील म्हणाले, "सर, राग मानू नका, पण तुम्हालाच मारलं तर आमच्या पोराला काय शिकवणार?" मी त्यांना म्हातारीचं, ढेकळांचं, काठीचं सगळं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. सांगताना ते मलाच सबबीसारखं वाटू लागलं. त्या महिन्यात तीन पोरं कमी झाली.

माझे गुरुजी आता पंचाहत्तरीचे आहेत. ते मुद्दाम रिक्षानं भेटायला आले. मला वाटलं, हे तरी समजून घेतील. त्यांनी चहा घेतला, प्लास्टरवर टिचकी मारली आणि विचारलं, "उजवा पाय मागं होता का?"

"सर, ढेकळं होती."

"ते कळलं. उजवा पाय मागं होता का?"

त्यांनी मला घरच्या हॉलमध्ये तसाच उभा केला, मोडक्या हातासह. बायकोला मावशीच्या जागी उभं राहायला सांगितलं. तिनं नकार दिला आणि आत निघून गेली. गुरुजी बराच वेळ माझ्या पायांकडं बघत राहिले, मग म्हणाले, "ढेकळांत सराव करायला पाहिजे." आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "पन्नास वर्षं कराटे करून त्यांना हे सुचत नाही, की तिथं जायलाच नको होतं." मी म्हणालो, हे तू आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "विचारलं होतं की, जाणार का म्हणून."

आता मी पोरांना कॉलर सोडवायचे प्रकार शिकवतो तेव्हा आधी सांगतो की यातलं बरंचसं तुम्हाला कधी वापरता येणार नाही. समोर बहुतेक वेळा ओळखीचं माणूस असतं. पोरं ऐकून घेतात आणि विचारतात, सर, बेल्टची परीक्षा कधी?

मोजणी पुढं पावसाळ्यानंतर झाली. दगड रोवले गेले. एका टोकाला दाजी भावाच्या रानात घुसलेले निघाले, दुसऱ्या टोकाला भाऊ दाजींच्या. दोघांचंही समाधान झालं नाही.

त्या डिसेंबरात आक्काकडं गेलो होतो. सकाळी फिरायला निघालो तर मावशीनं ओसरीवरून हाक मारली. चहा टाकला. तुरीच्या उकडलेल्या शेंगा पुढं ठेवल्या आणि माझं मनगट हातात घेऊन उलटं सुलटं करून बघितलं.

"दुखतंय का अजून?"

"थंडीत दुखतं."

"मग तुला नेमकं येतंय तरी काय, बाबा?"

"पडायला येतं, मावशी."

"ते तर समद्यालाच येतं," ती म्हणाली आणि शेंगा माझ्याकडं सरकवल्या.

मी घरी आलो तेव्हा दाजी दारात उभे होते. मी तिकडं चहा घेतला, हे त्यांना कळलं होतं. ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. जेवताना आक्कानं हळूच सांगितलं, "त्यायला वाईट वाटलं. तुझ्या जिवावर त्यायनी गावात मान वर केली होती." मी भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो.