अधिकच्या जागी उणे

लहानपणापासून सगळे त्याला खटपट्या म्हणत. घरातला मिक्सर बंद पडला की तो उघडून बसे, आणि सुरू झाला तरी पुन्हा उघडून बसे. पुढे तो इंजिनिअर झाला, केस विरळ झाले, तरी थोरली बहीण त्याला त्याच नावाने हाक मारत राहिली.

ही ताई शिवणकाम करायची. एका सकाळी कापड बेतता बेतता ती कोसळली. डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सावरला, पाय मात्र ऐकेना. घरात बसून पेडल मारायची व्यायामाची सायकल आणली, पण डावा पाय अर्ध्या फेरीत अडकायचा आणि ताई तोंड फिरवून बसायची. मग खटपट्याने ती सायकल खोलली. पेडलांखाली दाब मोजणारे सेन्सर बसवले, चाकाला मोटर जोडली आणि सगळा कारभार एका छोट्या कॉम्प्युटरकडे सोपवला. पाय थकला की कॉम्प्युटरला कळायचं, आणि मोटर तेवढाच भार स्वतःवर घ्यायची. समोर पडद्यावर एक रस्ता होता. ताईला झेपेल तसा तो चढायचा, उतरायचा.

"हे मेलं माझ्या मनातलं ओळखतं," ताई म्हणायची. हळूहळू ती काठी टेकत भाजी आणायला जाऊ लागली. एवढं समाधान त्याला दुसऱ्या कशाने मिळालं नव्हतं.

पुढे एका कंपनीने ते यंत्र उचललं. त्याला वेगळी खोली आणि दारावर पाटी दिली, आणि पुढच्या यंत्रांच्या आराखड्यांत गुंतवून टाकलं. सायकल घरोघरी जाऊ लागली. तिच्यात काय घालायचं, काय काढायचं, ते आता विक्रीप्रमुख बघत. खटपट्याने कौतुकाने नवी सायकल ताईकडे पाठवून दिली आणि जुनी आपल्या घरी माळ्यावर टाकली.

एका रविवारी दुपारी तो ताईकडे गेला, तर खोलीत बामाचा आणि घामाचा कोंदट वास भरला होता. ताई सायकलवर होती, तोंड लालबुंद, चांगला होता तो उजवा गुडघाही सुजून टम्म. पडद्यावर लाल टोपीतली एक बाई सायकलवरून पुढे चालली होती. ताईने जोर लावला की ती हाताशी येई. ताईला धाप लागली की सुसाट निघून जाई. जाता जाता वळून म्हणाली, "बस, एवढंच?"

"ताई, उतर."

"थांब रे. ही भवानी आज सापडणार."

"कोण आहे ही?"

"असेल कुठली तरी. रोज येते. तिचाही पाय असाच गेला होता म्हणे, आणि आता बघ कशी पळते."

त्याने कोपऱ्यातलं इंटरनेटचं डबडं बंद केलं. कुणी खरी बाई असती तर पडद्यावरून नाहीशी झाली असती. लाल टोपीवाली तशीच पेडल मारत राहिली. म्हणजे ती यंत्रानेच रचलेली होती. त्याने कसंबसं ताईला खाली उतरवलं, गुडघ्यावर बर्फ ठेवला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो विक्रीप्रमुखाच्या खोलीत शिरला. ते संत्रं सोलत होते. रस मनगटावरून ओघळून बाहीत चालला होता.

"लोक बरे झाले की सायकल बंद करतात," विक्रीप्रमुख शांतपणे म्हणाले. "मग महिन्याची वर्गणीही बंद. त्यांना बरं वाटून कसं चालेल? बरं वाटेल, वाटेल, असं वाटत राहिलं पाहिजे."

"अहो, आजारी माणसं आहेत ती. माझ्या बहिणीचा गुडघा बघा येऊन."

"गणित तुमचंच आहे. दमलेलं माणूस ओळखावं ते तुमच्या यंत्राने. आम्ही फक्त एक चिन्ह बदललं. अधिकच्या जागी उणे. दमलं की मोटरची मदत वाढायची, ती आता कमी होते." त्यांनी तळहातावर बी थुंकली आणि त्याच हाताने फोड पुढे केली. "घ्या, गोड आहे."

खटपट्या आपल्या खोलीत आला आणि प्रोग्रॅम उघडून बसला. त्याने पूर्वी लिहिलेली टीप तिथे जशीच्या तशी होती: ताई दमली की सावर. तिच्या खालच्या ओळीत ते उणे. त्या माणसाची किळस तर आलीच होती, पण ही ओळ वाचल्यावर त्याला स्वतःच्या बोटांचीही शिसारी आली. त्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि नोकरी सोडून बाहेर पडला.

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं. तिने बंद पडद्याकडे बोट केलं.

"मी बोलायचे रे तिच्याशी," ती म्हणाली. "तुझे भावजी गेले तेव्हाचंसुद्धा सांगितलं." मग तिने रुमालाने ओठ पुसले, पुन्हा पुसले. "शी."

"मला ठाऊक नव्हतं, ताई."

"यंत्र तुझं, आणि तुला ठाऊक नाही?"

सायकल त्याने एकट्याने जिन्यावरून ओढत खाली नेली. त्यानंतर ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

आता तो एका इस्पितळात व्यायामाची यंत्रं दुरुस्त करतो. कंपनीची सायकल अजून धडाक्यात खपते आहे. रस्त्यात तिची जाहिरात दिसली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं, आणि तो मान खाली घालून निघून जातो.

बऱ्याच महिन्यांनी ताईचा फोन आला. "ती जुनी घेऊन ये. पडदा काढून आण."

त्याने आणली, जोडली. ताई लगेच बसली नाही.

"आत कुणी नाही ना?"

"नाही. मोटर आहे."

"दाखव."

त्याने झाकण काढलं. ताईने चष्मा लावला, वाकून वायरी पाहिल्या, पट्टा पाहिला, मोटरला बोट लावून पाहिलं. मग हात पुसून ती सीटवर बसली आणि भिंतीकडे बघत पेडल मारू लागली.