दर्यावर पोचलेला सूर

"अजून वाढव आवाज, होडीपर्यंत पोचला पायजे!" काकी मुरुडच्या वाळूत उभी राहून ओरडत होती.

परवा जुना रेडिओ लावला, तापलेल्या व्हॉल्व्हचा धुळकट वास आला आणि साठ-एकसष्ट सालची ती सकाळ समोर उभी राहिली. माझ्या स्टील गिटारसाठी दुकानदाराने बॅटरीवरचे दोन अ‍ॅम्प्लिफायर आणले होते. एक लहान, गोड गळ्याचा, दुसरा कर्णेवाला राक्षस. बाबांची अट एकच. समुद्रात होडीवर त्यांना ऐकू आला तर घ्यायचा, नाहीतर गिटार कायमची माळ्यावर.

लहानग्याचा सूर पहिल्याच लाटेत बुडाला. मग कर्णा दर्याकडे वळवून मी तारांवरून लोखंडी कांडी सरकवली. असा हंबरडा फुटला की जंजिऱ्याचे बुरूज थरथरले आणि चार माडांनी भीतीने नारळ टाकले. लांबवरच्या साऱ्या होड्या फिरल्या. कोणी गेलं की आमच्या कोळीवाड्यातल्या बायका किनाऱ्यावर येऊन असाच लांबलचक सूर काढतात, आणि तो ऐकून होड्या घरी वळतात. इतके मनापासून ऐकणारे श्रोते मला पुन्हा लाभले नाहीत.

बाबा पाणी तुडवत धावत आले. "कोण गेलं?"

"कोन न्हाय, बाबा. गिटार हाय." मी मनातल्या मनात माळा झाडून ठेवला.

बाबांनी दम खाल्ला, कर्ण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आयकू आला. ह्योच घे."