चिखलासाठी लावलेली जाळी

माझे मामा, दयाराम कोळी, जन्मभर पनवेलच्या खाडीत मासे धरत आले आणि सत्तरीला टेकल्यावर त्यांनी चिखल धरायला घेतला. तेव्हा मीही हसले होते, हे आधीच कबूल करते.

झालं असं की समोरच्या काठावर भराव पडला आणि ओहोटीच्या पाण्याने वाट बदलली. ते थेट मामांच्या परसदारी येऊन भिंतीचा पाया उकरू लागलं. मामांनी दगड टाकले, तर पाणी दगडांच्या बुडाखालून माती काढून नेई. त्यांचा मुलगा विश्वजीत उलव्याच्या फ्लॅटमध्ये राहायला चला म्हणून मागे लागला. मामी, कृष्णाबाई, म्हणाली, "ज्या दारातून खाडी दिसत नाय, त्या घरान मना झोप लागायची नाय." मामांना तेवढं पुरे होतं. हे घर गेलं तर मामीही फार दिवस जगणार नाही, अशी त्यांना भीती होती, आणि मलाही.

मग त्यांनी माळ्यावरची जुनी जाळी काढली. खाली दगड बांधले, वर तरंगते बोये, आणि पायासमोर पाण्यात रांगेने सोडली. मुद्दाम सैल. भरतीला ती झुलायची, ओहोटीला वाकायची. पाण्याला अडवायची नाहीत, नुसतं हळू जायला लावायची. हळू झालेलं पाणी आपल्यातला गाळ तिथेच ठेवून जाई. मामा तासन्‌तास ते झुलणं बघत बसत. एकदा मीही बसले, तर दुपार कधी सरली ते कळलंच नाही. पाण्याखाली कुणीतरी पाळणा हलवतंय असं वाटत राहिलं.

"दयारामदादा, आज किती पाट्या चिखल गावला?" शेजारचा भगवान रोज विचारी. मामा रोवलेल्या बांबूवरची खूण दाखवत. चार महिन्यांत वीतभर गाळ चढला होता.

पुढे मामा न्यूमोनियाने पंधरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले, तर परसदारच्या दोरीवर जाळी वाळत होती. गोड्या पाण्याने धुतलेली, एकेक भोक नव्या दोऱ्याने विणलेलं. शेजारी मामी उभी, बोटं चिरलेली, चेहरा उजळलेला. कोळ्याच्या घरात जाळं मळकं राहिलं की चार बायका नावं ठेवतात. पन्नास वर्षं तिने मामांची जाळी अशीच धुतली होती. ही चिखलासाठीच लावलीत हे तिला ठाऊक होतं, तरी मामांची काळजी करता करता हात सवयीने चालले.

पाण्यात जाळी नसल्याने गाळ वाहून गेला होता, बांबूवरची वीत अर्धी झाली होती आणि परवा अमावास्येचं उधाण होतं. मला मामीचा राग आला, खरंच आला. मामांनी मात्र विणलेल्या भोकावरून बोट फिरवलं.

"झाक ईनलंस," एवढंच म्हणाले. मामीने एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि ती दोरीवरून जाळी उतरवू लागली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मामांना आम्ही काठावर खुर्चीत बसवलं. मामी जाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली, मी दगड देत गेले. "सैल सोड गो, सैल," मामा वरून सांगत होते.

उधाणात पायाचा एक दगड निसटला. भिंत राहिली.

आता गाळ पायाला टेकलाय आणि त्यात गाळ धरून ठेवणाऱ्या तिवराची दोन रोपं आली आहेत. परवा गेले तेव्हा ओहोटी होती. जाळी चिखलाने मळून काळी, जड होऊन पडली होती. मामी पायरीवर बसली होती. तिचा हात जाळीकडे गेला, गाठीपाशी थांबला, आणि तिने तो पदरात घेतला.

"मलली तर मलू दे," ती म्हणाली आणि मामांच्या शेजारी सरकून बसली.