शुक्रवारचे बटाटे

जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होतो, तेव्हा विद्यापीठामागच्या खानावळीत रोज दुपारी मसुराची दाट आमटी खायचो. मालकीणबाई तीत बटाटे घालायच्या. माझ्यासाठी सॉसेज न घातलेलं वेगळं पातेलं ठेवायच्या. वाढून झालं की व्हिनेगरची बाटली पुढे सरकवायच्या. आमटीत व्हिनेगर! मी बाटली तशीच परत सरकवायचो.

एकदा आठवडाभर खानावळ बंद होती. उघडली तेव्हा आमटीत बटाट्यांऐवजी जाड शेवया होत्या.

“नवरा गेला,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं त्याच्या गावच्या पद्धतीने केली. आता माझ्या आईसारखी, दक्षिणेकडची.”

मी शेवयांसकट आमटी संपवली.

शुक्रवारी आमटीत पुन्हा बटाटे दिसले. मी वर पाहिलं.

“शुक्रवार त्याचा,” म्हणत त्यांनी बाटली पुढे केली.

त्या दिवशी मी ती परत सरकवली नाही.