कुंदानं मागितलेली उष्टी भाकर

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राउंड आटोपून नुकतीच खुर्चीत टेकले होते. ‘काहून एवढी घाई केलीस गं बाई?’ एवढंच तोंडून निघालं... आज महिना झाला, माझा राग अजून गेलेला नाही. मला न सांगता ती कधी रजेवरही जात नसे.

नागपुरात आम्ही एकाच हॉस्पिटलात. मी मुलांच्या वॉर्डात, आणि ती लॅबमध्ये लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशी वाढवत बसलेली. मे महिन्यात आम्ही कूलरसमोर बसूनही उकडून निघायचो आणि हिला काळजी बाटलीतल्या पेशींची! विचारलं की खुलायची. "अगं, या पेशीच्या अंगावर बेल असते. बाहेरून कुणी दाबली की निरोगी पेशी जागी होते, वाढते, मग थांबते. ही का थांबत नाही? मला वाटतं, विषाणूचं एखादं प्रथिन आतूनच बेल दाबून धरतं." सिद्ध करायची साधनं आमच्याकडे कुठली! पण ती हटणारी नव्हतीच.

या भरात एकदा, फार वर्षांपूर्वी, घोळ झाला. रामटेककडची शांताबाई सहा वर्षांच्या मंगलाला घेऊन आली होती. पोरीच्या जबड्यावर गाठ. शांताबाईनं कारण विचारलं आणि गाठीचा नमुना न्यायला आलेल्या कुंदानं खरं ते सांगून टाकलं, की यात एक विषाणू असतो, तो लहानपणीच लाळेतून येतो. झालं! शांताबाई लेकीला भरवेना, जवळ घेईना. मंगला दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. इंजेक्शनं चालू आणि पोर वाळत चाललेली.

आम्ही दोघी वॉर्डात गेलो तेव्हा शांताबाई खाटेपासून लांब भिंतीशी भाकर चावत बसली होती. "बाई, मीच चावून चावून घास देल्ला तिले," ती रडायला लागली. "मीच मारून राहिली माह्या लेकीले."

कुंदाचा चेहरा खर्रकन उतरला. मग ती तिच्याशेजारी फरशीवर बसली. "ती हातातली भाकर द्या मला."

"उष्टी हाय, बाई!"

"म्हणून तर मागते."

सोवळ्याच्या घरात वाढलेली कुंदा अख्ख्या वॉर्डासमोर ती भाकर खाऊ लागली. "हा विषाणू माझ्यात आहे, या डॉक्टरबाईंत आहे, जवळजवळ सगळ्यांतच असतो. बिघाड त्या पेशींत झालाय, तुमच्या घासात नाही. भरवा तिला."

शांताबाईनं कुंदाच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून खाटेपाशी नेला. मंगलानं लगेच आ केला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

परवा शोकसभा झाली. वक्त्यांनी कुंदाचे शोधनिबंध सांगितले, तिची हुशारी सांगितली. सगळं खरंच होतं. मग मागून पिकल्या केसांची एक बाई उठली, फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मी ओळखलं, शांताबाई.

"माही मंगला नाही वाचली, बाई," ती हात जोडून फोटोला म्हणाली. "पण शेवटच्या दिवसापर्यंत माह्याच हातानं जेवली."