आमच्या गार्डनमधलं स्टाव्हांगर

आमच्या ह्यांच्या जिभेला हाड नाही, हे मी लग्नानंतर आठवड्याभरात ओळखलं. हात मात्र सोन्याचे. विष्णू सबनीस साताऱ्याहून एकोणऐंशी साली इंग्लंडात वॉटफर्डला आले, छापखान्यात बाइंडिंगला लागले, तो बंद पडला तसे बस डेपोत गेले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. दर दिवाळीला मागच्या गार्डनमध्ये किल्ला करायचा, हा नेम काही चुकला नाही. पाऊस पडो नाहीतर कंबर धरो, किल्ला होणारच.

आणि ह्या वर्षी केलं काय? चर्च! तेही नॉर्वेतलं!

कारण सांगते. आमचा अनुप स्टाव्हांगरला नोकरीला आहे. सहा वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच सिग्रिडशी, तिथल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये लग्न केलं. तिकिटं काढलेली, बॅगा भरलेल्या, आणि आदल्या दिवशी हे अडून बसले. "सबनिसांच्या मुलाचं लग्न चर्चमध्ये? मी तिथे पाऊल टाकणार नाही." फोनवर पोराला नाही नाही ते बोलले. मी एकटी गेले. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद, आणि अनुप इकडे फिरकला नाही. ह्यांना चूक कळली होती हो, पण कबूल करतील तर ते सबनीस कसले!

ऑगस्टमध्ये अनुपचा फोन आला. "आई, सिग्रिड म्हणते दिवाळीला जाऊया. पण बाबा एक शब्द वाकडा बोलला ना, तर आम्ही लगेच एअरपोर्टला. मग परत कधीच नाही." बापाला अहोजाहो करणं त्याला आजवर जमलेलं नाही, पण धमकी खरी होती. मी ह्यांना जशीच्या तशी सांगितली. दुसऱ्या दिवशी हे लायब्ररीत गेले आणि त्या कॅथेड्रलवरचं जाडजूड पुस्तक घेऊन आले.

मग काय विचारता! भाजी निवडताना इतिहास, जेवताना इतिहास. "रेखा, अगं नऊशे वर्षं जुनं आहे. पहिला बिशप म्हणे आपल्या विंचेस्टरचा, इथूनच बोटीने गेला." मी म्हटलं, मग तुम्हाला विमानाने जायला काय झालं होतं? ह्यांनी पान उलटलं. पुढे बाराशे बहात्तरच्या आगीत ते जळलं, पुन्हा बांधलं. सोळाशे ब्याऐंशीत राजाने बिशपची गादीच दुसऱ्या गावी हलवली, ती परत यायला एकोणीसशे पंचवीस उजाडलं. हे वाचून तर ह्यांनी चष्माच काढला. "अडीचशे वर्षांनी परत आली गं. आपला अनुप सहा वर्षांतच येतोय, म्हणजे लवकरच म्हणायचं."

मंडळाच्या किल्ला स्पर्धेचे सेक्रेटरी शशी बघायला आले. "विष्णू, हा कुठला गड?"

"स्टाव्हांगर."

"साताऱ्याच्या कुठल्या अंगाला?"

"वर. बरंच वर," हे म्हणाले. शशींनी यादीतलं नाव खोडलं आणि चहा न घेताच गेले.

भिंती उभ्या राहिल्या, विटांच्या आणि मातीच्या. पुढे ह्यांनी उंच कळस चढवला. देऊळ म्हटलं की कळस हवाच ना! मी फोनमध्ये फोटो दाखवला, मागच्या अंगाला दोन बुटके मनोरे आहेत, पुढे कळसबिळस काही नाही. काढला बिचाऱ्यांनी. मग वरून पांढरंशुभ्र प्लास्टर फासलं आणि रात्री पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. तर तिथल्या लोकांनीही दीडशे वर्षांपूर्वी हाच शहाणपणा केलेला! दगडावर प्लास्टर चढवलं, आणि पुढे ते निस्तरायला पंचवीस वर्षं घालवली. कप्पाळ माझं! दुसऱ्या दिवशी आमचे हे माझे स्टीलचे चमचे घेऊन भिंती खरवडत बसले. तीन चमचे वाकले. पण इतक्या वर्षांत हा माणूस केलेलं काही मागे घेताना मी पहिल्यांदा बघत होते, म्हणून चमच्यांबद्दल ब्र काढला नाही.

धनत्रयोदशीला दुपारी टॅक्सी आली. सिग्रिड माझ्या गळ्यात पडली. अनुप दारातच, बॅग हातात धरून. ह्यांनी "या" म्हटलं आणि सरळ गार्डनमध्ये निघून गेले. आम्ही मागोमाग गेलो.

सिग्रिड बघतच राहिली. छपरावर अळीव पेरलेला, चांगला बोटभर उगवलेला. तिने गुडघे टेकून दारातून आत डोकावलं. आत मावळे रांगेने बसवलेले, पहिल्या रांगेत मी म्हणून एक बाई एकटीच, पुढे फेटेवाला नवरा आणि साडीतली गवळण.

"हे आमचं लग्न?" तिने इंग्रजीत विचारलं. ह्यांनी मान हलवली.

ती म्हणाली, "एक चूक आहे, बाबा. पहिल्या रांगेत आईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. अनुप तिथे कोणाला बसू देईना. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता."

हे मी ह्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीवर माझी पर्स ठेवायला गेले, तर तीही अनुपने उचलून माझ्या मांडीवर दिली होती.

आमचे हे ओल्या गवतात तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले. "चुकलो रे," एवढंच म्हणाले. सिग्रिडने बाजूला पडलेला एक म्हातारा मावळा उचलून ह्यांच्या हातात दिला. हे दारातून हात घालायला गेले, पण दार पडलं अरुंद, कोपर भिंतीला लागून माती पडायला लागली.

तेव्हा अनुपने बॅग खाली ठेवली. पुढे आला, वाकला आणि अळिवासकट अख्खं छप्पर दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"बसा, बाबा," तो म्हणाला. "आईच्या शेजारी."